प्रकल्प अहवाल केवळ बँकेसाठी नसतो

“प्रकल्प अहवाल हा बँकेत जोडायचा कागद आहे, तयार साच्यात आकडे भरा, अनुदान आले की बाकीचे भागते आणि कर्ज मंजूर झाले की अहवालाचे काम संपते,” असा सल्ला नवउद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांत सर्रास फिरतो. घरची जमीन तारण ठेवून उभे राहणाऱ्या माणसासाठी तो घातक आहे, म्हणून त्यातील प्रत्येक दावा तपासायला हवा.

प्रथम साच्याविषयी. कोकणातील काजूप्रक्रियेत बीचा हंगाम साधारणपणे मार्च ते मे असतो आणि कारखाना मात्र वर्षभर चालवायचा असतो, त्यामुळे वर्षाचा कच्चा माल या तीन महिन्यांतच घेऊन, वाळवून साठवावा लागतो. ४० टन बी प्रतिकिलो १२० रुपयांनी घ्यायची असे गृहीत धरले, तर खरेदीलाच ४८ लाख रुपये लागतात. चार किलो बीतून साधारण एक किलो गर मिळतो; म्हणजे १० टन गर, आणि सरासरी ७०० रुपये दराने ७० लाखांची उलाढाल. लघुउद्योगांसाठी रूढ असलेल्या, उलाढालीच्या २० टक्के या हिशेबाने साचा खेळत्या भांडवलाचे, म्हणजे कच्चा माल व रोजच्या खर्चासाठीचे, बँककर्ज केवळ १४ लाख दाखवतो. हंगामात थोडा गर विकला गेला, तरी एवढी मोठी तफावत भरून निघत नाही. असा अहवाल बँकेने स्वीकारला तरी खरेदी एप्रिलमध्येच थांबेल.

अनुदानाचा भरवसाही असाच फसवा आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदानाची रक्कम हाती येत नाही. ती तीन वर्षे बँकेतच ठेव म्हणून राहते. त्यामुळे हंगामातील खरेदीसाठी ती मोजणे चूक आहे.

मंजुरीनंतर अहवालाचे काम संपते, हा दावा मला सर्वांत जास्त खटकतो. हिशेब सनदी लेखापालाने मांडायला हरकत नाही, परंतु त्यामागची गृहीतके मालकाची स्वतःची असली पाहिजेत: बी कोणाकडून घेणार, गर कोण विकत घेणार, पैसे किती दिवसांनी येणार, तुटलेल्या गराचा तुकडा किती निघणार. वरच्याच उदाहरणात उतारा, म्हणजे बीतून मिळणाऱ्या गराचे प्रमाण, २५ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आला, तर १.२ टन गर कमी मिळून ८ लाख ४० हजार रुपयांची घट येते. अहवालातील उतारा दर महिन्याच्या प्रत्यक्ष उताऱ्याशी ताडून पाहणाऱ्याला ही घसरण पहिल्याच महिन्यात दिसते आणि उरलेली खरेदी करण्यापूर्वी बीचा दर्जा किंवा दर बदलून घेता येतो.