पंखे फिरतात, पडदा काळा: ‘मदरबोर्ड जळाला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

यवतमाळकडच्या आमच्या गावांतल्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘असेम्बल केलेला नवा पीसी पहिल्या दिवशी सुरू झाला नाही म्हणजे मदरबोर्ड जळाला. खेड्यातल्या व्होल्टेजवर असेम्बल माल टिकत नाही. रॅम खोडरबराने घासा, स्टॅबिलायझर लावा. कॅबिनेटला करंट लागत असेल तर एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) फेकून द्या. त्यापेक्षा ब्रँडेडच घ्या.’ खाली नेहमीचं ‘सगळ्यांना पाठवा’ आहेच, आणि लोकांनी पाठवलंही. आता पोरं चांगला बोर्ड खोलून, पिशवीत घालून, एसटीने नागपूरला सीताबर्डीत नेतात. तिथे तो दुकानदाराच्या टेबलावर पहिल्या झटक्यात सुरू होतो.

‘मदरबोर्ड जळाला.’ कशावरून? ‘सुरू होत नाही’ या एका तक्रारीत तीन वेगळ्या तक्रारी असतात. बटण दाबलं तरी ढिम्म काही होत नाही, ही एक. पंखे क्षणभर हलतात आणि थांबतात, ही दुसरी. तिसरी सगळ्यात जास्त ऐकू येते: ‘भाऊ, पंखे त फिरून रायले, पण पडद्यावर काईच नाई येऊन रायलं.’ तिन्हींची कारणं वेगळी आणि तपासही वेगळा.

तिसरीपासूनच घेऊ. प्रोसेसरला स्वतःची वेगळी वीज लागते. ती बोर्डच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ८ पिनच्या वायरने येते. फक्त २४ पिनची मोठी वायर लावली तरी पंखे फिरतात, दिवे लागतात, आणि माणूस समजतो की वीज पोचली. तो कोपरा प्रोसेसरवरच्या कूलरच्या मागे दडलेला असतो, त्यामुळे ही वायर राहून जाते. मग मॉनिटरची केबल पाहा. इंटेलच्या १२४००एफ प्रोसेसरमधल्या ‘एफ’चा अर्थ आत ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणारा भाग, नाही. एएमडीच्या रायझन ५६००मध्येही नाही, ५६००जीमध्ये आहे. आत ग्राफिक्स नसेल तर बोर्डवरच्या एचडीएमआयला केबल लावून जन्मभर बसलात तरी पडदा काळाच राहणार. केबल ग्राफिक्स कार्डलाच लावायची.

त्यानंतर रॅम. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांत रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात, आणि ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबाव्या लागतात. नवीन माणूस घाबरत दाबतो, तिथेच घोळ होतो. रॅम डीडीआर५ (नव्या पिढीची) असेल तर पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, आणि त्यात काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. दर अर्ध्या मिनिटाला स्विच बंद केला तर ते काम दर वेळी पहिल्यापासून सुरू होतं. दाबलं की जरा चहा ठेवा.

एवढं करूनही काही दिसलं नाही तर बोर्डवरचे छोटे दिवे पाहा. बऱ्याच नव्या बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोजची डिस्क) असे चार असतात. जो लागून राहील तिथे अडलंय. सीपीयूचा दिवा अडला आणि बोर्ड प्रोसेसरपेक्षा जुना असेल, तर बायोस (बोर्डमधलंच सुरुवातीचं सॉफ्टवेअर) जुनं असण्याची शक्यता मोठी. जुन्या बी४५० बोर्डवर नंतरचा रायझन ५००० प्रोसेसर टाकणाऱ्यांना हे नेहमी भोवतं. काही बोर्डांना प्रोसेसरशिवाय पेनड्राइव्हवरून बायोस चढवायचं बटण असतं. ते काम मात्र लाइन जायच्या वेळेला काढू नका. बायोस अर्धवट राहिलं तर तेव्हा बोर्ड खरंच बंद पडू शकतो.

पंखे हलून थांबतात, त्याचं कारण बहुधा शॉर्ट. मोटारीच्या स्टार्टरचा ओव्हरलोड ट्रिप होतो तसा एसएमपीएस स्वतःला वाचवतो. कॅबिनेटमध्ये बोर्डखाली एखादा पितळी स्टँड चुकीच्या जागी राहिलाय का, स्क्रू पडलाय का ते बघा. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालला, तर दोष कॅबिनेटमधल्या जोडणीत.

ढिम्म असेल तर आधी एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच बघा. हसू नका, तो बंद असतो. मग समोरच्या बटणाची वायर काढून बोर्डवरच्या पॉवरच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर जोडा. सुरू झाला, तर दोष बटणाचा किंवा वायर चुकीच्या पिनांवर लावल्याचा.

‘खेड्यातल्या व्होल्टेजवर टिकत नाही.’ एसएमपीएसवरचं लेबल वाचा. इनपुट १००–२४० लिहिलं असेल तर रब्बीत डीपीवर मोटारी सुरू होऊन व्होल्टेज १८० वर आलं तरी त्याला फरक पडत नाही. २००–२४० लिहिलं असेल तर पडतो. मेसेजमध्ये खरं एवढंच की न्यूट्रल तुटला की घरात ३०० च्या वर व्होल्टेज येऊ शकतं, आणि ते एसएमपीएसला जाळू शकतं. पण मग ते टीव्हीलाही सोडत नाही. घरातलं बाकी सगळं धड असताना फक्त नवा पीसी अडला, तर लाइनीला बोल लावू नका. २००–२४० वाला एसएमपीएस सोडला तर स्टॅबिलायझरने वरची एकही अडचण सुटत नाही.

खोडरबर जुन्या, काळ्या पडलेल्या रॅमसाठी ठीक. नव्या रॅमवर काढायला काही नसतं, उलट रबराचा भुगा खाचेत जातो.

‘करंट लागतो, एसएमपीएस फेका.’ हा सल्ला सगळ्यात वाईट. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले असतात, आणि तिथून झिरपणारा अगदी थोडा करंट अर्थिंगने जमिनीत जायला हवा. आपल्याकडे भिंतीवरच्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या (अर्थिंगच्या) छिद्रामागे बहुतेकदा वायरच नसते. मग बॉडी साधारण निम्म्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास तरंगते. टेस्टर पेटतो, अनवाणी माणसाला झिणझिण्या येतात. नवा एसएमपीएस आणला तरी त्या येणारच. जोराचा झटका बसत असेल तर मेन बंद करून वायरमनला बोलवा.

अर्थिंगचा खड्डा असूनही हे होत असेल, तर मे महिना आठवा. आपली काळी माती वाळून भेगाळते, रॉडपासून सुटते, आणि अर्थिंग नावालाच उरतं. खड्ड्यात कोळसा-मीठ आणि उन्हाळाभर पाणी हवं. काही जण न्यूट्रललाच अर्थिंगच्या छिद्रात जोडतात. ते कधीच करू नका. न्यूट्रल तुटला की पूर्ण २३० कॅबिनेटवर येतात.

ब्रँडेड घ्यायचा तर खुशाल घ्या, पण अर्थिंग नसेल तर त्याच्या कॅबिनेटलाही झिणझिण्या येणार.

आता बोर्ड खरंच मेलेला निघतोही. खोक्यावर बोर्ड, प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच पट्टी आणि दुसरीकडे चालणारा एसएमपीएस, एवढं जोडूनही दिवा लागत नसेल तर तो वॉरंटीत पाठवा. इंटेलचा असेल तर त्याआधी मोबाइलच्या टॉर्चने प्रोसेसरचं सॉकेट (तो बसतो ती जागा) बघा. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटमध्ये नावाप्रमाणेच १७०० पिना आहेत, एखादी वाकलेली दिसते. आणि पाठवताना सॉकेटवर प्लॅस्टिकची टोपी परत लावा, कारण पिना वाकलेल्या निघाल्या तर वॉरंटी नाकारतात. म्हणून ती टोपी पहिल्या दिवशी खोक्यासोबत फेकायची नाही.