शिवी लगेच ऐकू येते, 'तत्त्वतः' ऐकू येत नाही

२०१७ चा मे महिना. भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे जालन्यात तूर खरेदीवरून बोलताना शेतकऱ्यांना 'साले' म्हणाले. राज्यभर आंदोलनं झाली, शेवटी दिलगिरी आली. आमच्या पारावर चार दिवस दुसरा विषय नव्हता. राग खरा होता, माझाही.

पुढच्याच महिन्यात पुणतांब्याचा शेतकरी संप पेटला आणि ११ जूनला सरकारने कर्जमाफी मान्य केली. 'सरसकट', पण 'तत्त्वतः', आणि 'निकष' लावून. टीव्हीवर बातमी आली तेव्हा बाबांच्या कानात पहिलाच शब्द शिरला. आईने देवापुढे साखर ठेवली.

पुढचे दोन शब्द आम्हाला सप्टेंबरात कळले. अर्जाला नवरा-बायको दोघांचे अंगठे लागत, म्हणून दोघं सकाळपासून सेवा केंद्राच्या रांगेत. बाबांचा अंगठा यंत्र घेईना. खुरपं धरून रेषाच झिजलेल्या. केंद्रातला पोरगा बिचारा काच पुसायचा आणि म्हणायचा, "काका, परत एकदा दाबा." पाचव्यांदा घेतला. मग समजलं की माफी दीड लाखापर्यंतच, आणि वरची थकबाकी आधी आपण भरायची. आमची वरची रक्कम होती ४८ हजार. दावणीची म्हैस विकली.

'साले' म्हटल्याने आमच्या घरातून काही गेलं नव्हतं. म्हैस 'तत्त्वतः'मुळे गेली. आणि त्या शब्दासाठी कुणी कुणाकडे माफी मागितली नाही.

२०१३ च्या दुष्काळातही हेच झालं. उजनीच्या पाण्यासाठी सोलापूरचा एक शेतकरी आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता आणि अजित पवार इंदापूर तालुक्यातल्या सभेत धरणात लघवी करण्याची भाषा बोलून गेले. बोलणं घाणच होतं. त्यांनी माफी मागितली, कराडला यशवंतरावांच्या समाधीजवळ आत्मक्लेश केला. आम्ही सोलापूरकर त्या एका वाक्यावर महिनाभर बोललो. पण उजनीचं पाणी कुणाला किती आणि कोणत्या हिशोबाने, हे आमच्यातल्या किती जणांनी तितक्या तळमळीने विचारलं? मी नाही विचारलं. त्याची मला आजही लाज वाटते.

शिवी कळायला दहा सेकंदांची क्लिप पुरते. निकष कळायला शासन निर्णय वाचावा लागतो, आणि तोवर रांगेत उभं राहायची वेळ आलेली असते. 'सरकार सकारात्मक आहे', 'अभ्यास सुरू आहे', 'पंचनाम्याचे आदेश दिलेत' असं शांतपणे बोलणाऱ्याला आपण सुसंस्कृत म्हणतो. त्याच्या वाक्यात रक्कम नाही, तारीख नाही, हे आपल्या लक्षातही येत नाही. तोंड फटकळ असलेल्याला मी पाठीशी घालत नाहीये. शेतकऱ्याचा अपमान करणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. पण गोड शब्दालाही तितक्याच जोरात विचारा: किती? कधी? कुणाला नाही?

विचारलं की फरक पडतो. गेल्या वर्षी कर्जमाफीवर 'योग्य वेळी' हे उत्तर किती महिने ऐकलं आपण! ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडूंसोबत शेतकरी नागपुरात रस्त्यावर बसले, तेव्हा त्या 'योग्य वेळी'ची तारीख सांगावी लागली: ३० जून २०२६ च्या आत निर्णय.

बाबांनी ती तारीख पासबुकाच्या शेवटच्या पानावर पेनाने लिहून ठेवली. तिच्याखाली 'निर्णय' असं लिहिलं आणि मला विचारलं, "ह्यात माफी आली का, का परत नुसता निर्णयच?"