तारांचा भाव विचारू नका, हिशोब विचारा

"पोरीच्या दातांना तारा लावायच्या, कितला पैसा लागतीन?" जळगाव असो, धुळे असो की शहादा, दातांच्या दवाखान्यात पहिला प्रश्न हाच असतो. उत्तरही एकाच आकड्यात येतं, तीस हजार. मग पुढच्या चौकातला कोणी बावीस सांगतो आणि सगळं घर तिकडे वळतं. बावीसमध्ये काय धरलं आहे आणि काय नाही, हे मात्र कोणी विचारत नाही.

आधी बाजारातले ढोबळ भाव. साध्या स्टीलच्या तारा आपल्याकडे साधारण २५ ते ४५ हजार. दाताच्या रंगाच्या सिरॅमिक ४० ते ६५ हजार. सेल्फ-लायगेटिंग, म्हणजे ब्रॅकेटलाच (दातावर चिकटवायचा, तार धरणारा छोटा तुकडा) छोटं झाकण असतं आणि तार धरायला रबर लागत नाही, त्या ५० ते ८० हजार. दातांच्या आतल्या बाजूने लावायच्या लिंग्वल तारा लाखाच्या पुढेच, आणि त्या करणारे डॉक्टर कमी. पारदर्शक अलायनर, म्हणजे तारांऐवजी दातांवर चढवायच्या काढ-घाल प्लेटा, ६० हजारांपासून तीन लाखांपर्यंत, कंपनी आणि दात किती हलवायचे यावर. गाव, डॉक्टर आणि केस बदलली की हे आकडे खालीवर होतात.

आता गंमत बघा. स्टीलच्या ब्रॅकेटचा भारतीय बनावटीचा पूर्ण संच डॉक्टरला हजार-दोन हजारांत पडतो. मग तीस हजार कशाचे? दीड-दोन वर्षांतल्या वीस-चोवीस फेऱ्यांचे, आणि कुठला दात कुठे, कोणत्या आधाराने न्यायचा या विचाराचे. दातांच्या डॉक्टरची बीडीएस ही पदवी, तिची पाच वर्षं झाल्यावर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, एमडीएस करायला आणखी तीन वर्षं लागतात, ती याच विचारासाठी. म्हणून तारेचा प्रकार निवडण्याआधी तारा लावणारा कोण ते विचारा. पाटीवर नाव एकाचं आणि तारेचे डॉक्टर महिन्यातून एकदा नाशिकहून येणारे, असंही असतं. त्यात चूक काही नाही. फक्त मधल्या दिवसांत ब्रॅकेट निघालं तर बघणार कोण, हे आधीच ठरवून घ्या.

तीस हजारांच्या साध्या तारांचा खरा हिशोब मांडून बघू. ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे) आणि चेहऱ्याचा बाजूने काढायचा एक्स-रे, म्हणजे सेफॅलोग्राम, दोन्ही मिळून ९००. दात साफ करणं ९००. जागा करायला चार दाढा काढायच्या असल्या (बहुधा सुळ्यामागच्या पहिल्या छोट्या दाढा), तर प्रत्येकी ८०० प्रमाणे ३,२००. शेवटी रिटेनरचे, म्हणजे तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणाऱ्या साधनाचे, ३,५००. मध्ये चार ब्रॅकेट निघाले, प्रत्येकी ३०० धरून १,२००. आणि एसटीचं भाडं. रावेर किंवा चोपड्याहून दोघं येणार, एका फेरीला २०० धरले तरी २४ फेऱ्यांचे ४,८००. (मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पोरीसोबत आई आली तर इथेही थोडे वाचतात.) एकूण १४,५०० वर गेले. म्हणजे तीसचे झाले साडेचव्वेचाळीस. दात ओढायला आधार म्हणून हाडात बसवायचे दोन मिनी-स्क्रू लागले तर आणखी पाच-सहा हजार. बावीसवाल्याने यातलं काय बाहेर ठेवलंय ते कागदावर लिहून घ्या. मेडिक्लेमवर विसंबू नका, बहुतेक पॉलिसीत तारा बसत नाहीत.

सिरॅमिकला वरचे पंधरा-वीस हजार द्यावेत का? माझं मत स्पष्ट आहे. शाळेतल्या पोराला देऊ नका. सिरॅमिक ठिसूळ असतं, ब्रॅकेटचे कान (रबर अडकवायची टोकं) तुटतात, तार त्यात अडखळत सरकते. खालच्या दातांवर लावलं आणि वरचे दात त्यावर टेकले तर वरच्या दातांचं एनॅमल, म्हणजे बाहेरचं कठीण कवच, घासलं जातं. म्हणून बरेच डॉक्टर वर सिरॅमिक आणि खाली स्टील लावतात, भावही मधला पडतो. वर आपली शेवभाजी आहेच. तार धरणारं पारदर्शक रबर हळदीने एका जेवणात पिवळं होतं आणि पुढच्या फेरीपर्यंत तसंच राहतं. दिसू नये म्हणून जादा पैसे मोजायचे आणि पिवळे ठिपके मिरवायचे! नोकरीला लागलेल्या, रोज चार लोकांसमोर उभं राहणाऱ्या माणसाला मात्र सिरॅमिक पटण्यासारखं आहे.

सेल्फ-लायगेटिंगने काम "सहा महिने लवकर" होतं असं सांगितलं जातं. खुर्चीवरचा वेळ थोडा वाचतो, हे खरं. एकूण उपचार ठळकपणे लवकर संपतो, असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. त्या आश्वासनासाठी जादा वीस हजार देऊ नका.

अलायनरचं गणित वेगळं. एक प्लेट दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवते, आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढची चढवायची. दिवसाचे २२ तास तोंडात. काढायची ती जेवायला, ब्रश करायला आणि चहाला. दिवसातून पाच वेळा चहा पिणाऱ्याने आधी तास मोजावेत. थोडी गर्दी, छोट्या फटी यांना छान. पण गोल फिरलेले सुळे आणि छोट्या दाढा, खाली ओढायचे दात, दाढा काढून बंद करायच्या मोठ्या जागा, इथे प्लेट मागे पडते. मग नव्याने स्कॅन, नव्या प्लेटा. त्याचे पैसे पॅकेजमध्ये आहेत का, हे विचारल्याशिवाय सही नको. घरी किट मागवून डॉक्टरशिवाय अलायनर वापरायच्या तर फंदातच पडू नका. अमेरिकेतली अशी विक्री करणारी मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि अर्ध्यात असलेले पेशंट तसेच राहिले.

पैसे खरे कमी करायचे असतील तर धुळ्यात खासगी डेंटल कॉलेज आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी. तिथे एमडीएसचे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तारा लावतात आणि खर्च बाहेरच्यापेक्षा बराच कमी येतो. किंमत वेळेत मोजावी लागते. नंबर, रांग, जास्त फेऱ्या. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे केस सुरू झाली की मध्येच तो पास होऊन जातो आणि तुम्ही ज्युनिअरच्या हाती. म्हणून केस कोणत्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे देताय, हे पहिल्या दिवशीच विचारावं.

वय हाही पैशांचाच प्रश्न आहे. खालचा जबडा मागे असेल तर वाढीच्या वयात, साधारण ११ ते १३ मध्ये, मुलींचं थोडं आधीच, ट्विन ब्लॉक या काढ-घाल करायच्या उपकरणाने बरंच साधतं. वाढ संपल्यावर तोच दोष पक्का दुरुस्त करायचा तर काहींना जबड्याचं ऑपरेशन लागतं, आणि ते लाखांत जातं. "दहावी होऊ द्या, मग बघू" हे वाक्य खान्देशात फार महाग पडतं. दुसरं महाग वाक्य: "मे महिन्यात लग्न आहे, डिसेंबरात तारा लावू." पाच महिन्यांत फार तर पुढचे दात रांगेत येतात, चावा जुळत नाही.

हप्ते बहुतेक जण देतात. साधारण तिसरा हिस्सा सुरुवातीला, बाकी दरमहा. कापूस विकल्यावर एकदम देतो म्हटलं तरी पुष्कळ ठिकाणी ऐकतात. पण फेऱ्या कापसावर ढकलू नका. दात ओढणारी रबराची साखळी तीन-चार आठवड्यांत ढिली पडते, नंतरचे दिवस फुकट.

खाण्याचं सोपं आहे. भरीत, फुणके, केळी बिनधास्त. कळण्याची भाकरी रश्शात कुस्करून. ऊस, सुपारी, सुके बिबडे, भाजलेला मका, दाताने फोडलेल्या शेंगा बंद. ब्रॅकेट यानेच निघतं, आणि दर निघालेल्या ब्रॅकेटमागे काम लांबतं. ब्रश नीट नसेल तर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग पडतात, तारा निघाल्या तरी ते राहतात.

शेवटचा खर्च रिटेनरचा, आणि लोक टाळतात तोही हाच. तो घातला नाही तर दात परत फिरतात, मग ते स्टीलने सरळ केलेले असोत की दोन लाखांच्या प्लेटांनी. पारदर्शक रिटेनर गरम पाण्याने धुवू नका, भुसावळच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, वाकडा होतो. आणि ढाब्यावर जेवताना कागदात गुंडाळून ताटाशेजारी तर मुळीच नको. पोऱ्या ताटासोबत उचलून नेतो आणि नव्याचे दोन-तीन हजार परत मोजावे लागतात.