टी दोनच्या वर गेला की काम झालं?

पीएचडी करणाऱ्यांत एक सल्ला हातोहात फिरतो: लिनिअर मिक्स्ड मॉडेल (ब्लॉक, प्लॉट अशा गटांमुळे येणारा चढउतारही धरणारं संख्याशास्त्रीय मॉडेल) बसवा, समरीचा तक्ता काढा, टी (अंदाज भागिले त्याची स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता) 2 च्या वर असेल ती ओळ सिग्निफिकंट, म्हणजे निव्वळ योगायोग नसलेली, धरा. कॉन्ट्रास्ट (हव्या त्या गटांतल्या तुलना) वेगळे काढू नका, सगळं तक्त्यातच असतं. पी-व्हॅल्यूचं (खरा फरक नसताना इतका मोठा टी योगायोगाने येण्याची शक्यता) तर नावच नको, एलएमई4 (‘आर’ या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधलं अशी मॉडेल बसवणारं पॅकेज) देत नाही म्हणजे ती चुकीचीच.

संख्याशास्त्रज्ञ फ्रँक येट्स यांनी 1935 साली मांडलेला ओट्सचा प्रयोग घेऊ. डेटा ‘आर’मध्ये आयता मिळतो. 6 ब्लॉक, प्रत्येकात 3 मेन प्लॉट, एकेका मेन प्लॉटवर एक वाण. त्याचे 4 सब प्लॉट, त्यांत नत्राच्या 4 मात्रा. नोंदी 72. राहुरी-अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत शिकलेल्यांना ही मांडणी, म्हणजे स्प्लिट प्लॉट, समजावून सांगायला नको.

आता ‘सगळं तक्त्यातच’ हे बघा. तीन वाणांत गोल्डन रेन वर्णक्रमाने पहिला, म्हणून तोच बेस, बाकीच्यांची तुलना त्याच्याशी. तक्त्यात उत्पादनात मार्व्हलस 5.29 ने वर आणि व्हिक्टरी 6.88 ने खाली. दोन्हींची स्टँडर्ड एरर 7.08. पण मार्व्हलस आणि व्हिक्टरी यांच्यातल्या फरकाची ओळ कुठे आहे? वजाबाकी करून 12.17 मिळतील, एररचं काय? दोन्हींचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढणारे 10 वर पोहोचतात, आणि ते चूक आहे. दोन्ही अंदाज त्याच गोल्डन रेनवर टेकलेले, त्यामुळे त्यांच्यात कोव्हेरियन्स (एकत्र वर-खाली होणं) आहे. त्याची दुप्पट वजा केली की एरर पुन्हा 7.08 येते. टी 1.72.

मॉडेलमध्ये इंटरॅक्शन (नत्राचा परिणाम वाणागणिक वेगळा असू देणं) घातलं तर घोळ वाढतो. मार्व्हलसच्या ओळीत आता 6.67 आणि एरर 9.72 दिसेल. हा फरक फक्त शून्य नत्राच्या प्लॉटमधला, सरासरीचा नव्हे. पेपरांत तो बिनदिक्कत ‘वाणाचा परिणाम’ म्हणून छापला जातो.

राहिला तो दोनचा आकडा. नत्राच्या तुलनेला तो चालतो, कारण तिथे डिग्रीज ऑफ फ्रीडम (एररचा अंदाज घ्यायला उरलेली स्वतंत्र माहिती) 45 किंवा त्याहून जास्त आहेत. वाणाला मात्र 10 च, नोंदी 72 असल्या तरी. वाण मेन प्लॉटला दिलंय आणि मेन प्लॉट 18 च आहेत. तिथली मर्यादा 2.23. टी 2.1 आला तर सल्ल्यानुसार पास, प्रत्यक्षात पी 0.06. आणि मेन प्लॉटचा रँडम इफेक्टच (मेन प्लॉटागणिक होणारा चढउतार) विसरलात, तर वरचा 1.72 उडी मारून 2.75 होतो. एरर 4.42 वर घसरते, तक्ता मात्र चकार शब्द काढत नाही. सल्ल्यातला हाच भाग मला सर्वांत घातक वाटतो.

एलएमई4 पी-व्हॅल्यू का देत नाही याचं कारण ते बनवणाऱ्यांपैकी डग्लस बेट्स यांनी 2006 मध्येच सांगितलं होतं: डेटा असंतुलित असला की चाचणीच्या छेदातल्या डिग्रीज ऑफ फ्रीडम नेमक्या किती धरायच्या हे ठरत नाही. यातून चाचणीच करू नये असं निघत नाही. सॅटरथ्वेट किंवा केनवर्ड-रॉजर पद्धतीने अंदाज काढता येतो. एलमरटेस्ट आणि पीबीकेआरटेस्ट ही ‘आर’ची पॅकेजेस त्यासाठीच आहेत. ओट्ससारख्या संतुलित प्रयोगात दोन्ही पद्धती वाणाला बरोबर 10 देतात.

त्यामुळे ईएममीन्स या पॅकेजमध्ये हवा तो कॉन्ट्रास्ट मागा, तिन्ही जोड्या तपासायच्या असतील तर टुकी (अनेक तुलनांसाठीची दुरुस्ती) लावा. लाइकलीहूड रेशोने (दोन मॉडेल डेटाशी किती जुळतात याची तुलना करून) फिक्स्ड इफेक्ट, म्हणजे वाण-नत्राचे परिणाम, तपासायचे असतील तर आरईएमएल (मॉडेल बसवण्याची आपोआप लागणारी पद्धत) बंद करून एमएलने (मॅक्झिमम लाइकलीहूडने) मॉडेल पुन्हा बसवा.