‘कर्ज काढून डोंगर कशाला?’ – एका वडिलांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

नॉर्वेतल्या ट्रोलहाइमेन डोंगररांगेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी पुन्हा पुन्हा वाचली. तिथेच चार ओळीत उत्तर देता आलं असतं, पण तुमची मुलगी पुढच्या वर्षी युरोपात शिकायला निघालीय म्हणता, तेव्हा तुमच्या काळजीला चार ओळी पुरणार नाहीत. काका म्हटलेलं चालेल ना?

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. काकांचं म्हणणं असं: आईवडील कर्ज काढून शिकायला पाठवतात आणि तुम्ही तिकडे डोंगर हिंडता, वर त्याचं कौतुक लिहिता. स्नोटा शिखराखालून तुम्ही परतलात, म्हणजे थोडक्यात वाचलात. असले लेख वाचून आमची पोरं अभ्यास सोडून जीव धोक्यात घालतील. आणि एवढीच हौस असेल तर घरचा सह्याद्री काय वाईट होता?

आधी स्नोटाबद्दल लिहिते, कारण तिथे मला तुमचं अजिबात पटलेलं नाही.

आम्ही थोडक्यात वाचलो नाही काका. आम्ही ठरवल्याप्रमाणे परत फिरलो. शिखर 1669 मीटरचं, आणि ट्रोलहाइम्सहुत्ता या मुक्कामाच्या घरापासून चढ साधारण अकराशे मीटरचा. सप्टेंबरची सुरुवात होती. निघायच्या आधीच चौघांनी मिळून ठरवलं होतं की दुपारी एकपर्यंत माथा आला नाही तर जिथे असू तिथून उलटं फिरायचं. वर ढग उतरले, दगडांवर ताजा बर्फ पडायला लागला, तेव्हा एकही वाजला नव्हता. गटातल्या नॉर्वेजियन मुलीनं नकाशा घडी करून खिशात घातला आणि म्हणाली, चला खाली. कुणी वाद घातला नाही, कुणी ‘एवढं आलोच आहोत तर’ म्हटलं नाही. संध्याकाळी घराच्या वहीत आमच्या नावापुढे ‘परत आले’ अशी नोंद झाली. सकाळी कुठे जाणार ते त्याच वहीत लिहून निघालो होतो, म्हणजे आलो नसतो तर कुठे शोधायचं हे तिथल्या माणसांना माहीत होतं.

नॉर्वेत डोंगरात सुरक्षित हिंडण्याचे नियम आहेत, नऊ. या सुरक्षिततेच्या प्रचाराची पहिली मोहीम 1952 साली झाली. पुढे 1967 च्या ईस्टरच्या सुट्टीत 18 जण दगावले आणि मग हे नियम देशभर घराघरांत पोचले. क्विक लुन्श नावाचं चॉकलेट मिळतं, त्याच्या वेष्टनाच्या आतसुद्धा ते छापलेले असतात. बेत आखा आणि कुठे जाताय ते कुणाला तरी सांगून ठेवा. हवामानाचा आणि हिमस्खलनाचा इशारा बघा. छोट्या फेरीलाही वादळाची आणि थंडीची तयारी ठेवा. आठवा नियम म्हणतो, वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. शाळकरी मुलांनाही हे पाठ असतं. त्यामुळे गटात परतायचं म्हणणाऱ्याकडे कुणी भित्रा म्हणून बघत नाही. मला ती गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्याकडे पावसाळ्यात धबधब्याखाली किंवा कड्याच्या टोकाशी जे होतं, त्यात कितीदा तरी एकानं ‘नको’ म्हटलेलं असतं आणि बाकीच्यांनी त्याला हसून गप्प केलेलं असतं.

आता कर्जाचं. हा मुद्दा खरा आहे आणि मी तो हलक्यानं घेत नाही. माझं घर पाटण तालुक्यात, वडील शेती करतात. मी गेले तेव्हा नॉर्वेच्या सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांनाही शिक्षण शुल्क नव्हतं. तरी वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे दाखवावे लागत, त्यासाठीच कर्ज होतं. 2023 च्या शरद सत्रापासून युरोपबाहेरच्या मुलांना फी लागू झाली आणि ती भरपूर आहे. म्हणजे तुमची काळजी माझ्या वडिलांपेक्षा जास्तच असणार.

पण डोंगरावर कर्जाचे पैसे उडतात हे तसं नाही. ट्रॉनहाइममध्ये, म्हणजे मी शिकत होते त्या शहरात, सिनेमाला जाणं किंवा बाहेर जेवणं यापुढे डोंगर म्हणजे जवळजवळ फुकट. शहराला लागूनच ब्यूमार्का हे मोठं जंगल आहे, लियानपर्यंत ट्राम जाते आणि तिथून पायवाटा सुरू होतात. 552 मीटरच्या ग्रोकालनला जाऊन दुपारच्या लेक्चरला परत येता येतं. बर्फावर घसरायच्या पट्ट्या (स्की), तंबू, पाठपिशवी हे ‘बूआ’ नावाच्या केंद्रातून उसनं मिळतं, भाडं नाही. 1957 च्या कायद्यानं मोकळ्या रानावनात कुणालाही चालायचा, राहायचा हक्क दिलाय, मग ती जमीन कुणाच्याही मालकीची असो. तंबू लोकांच्या घरापासून किमान 150 मीटर लांब ठोकायचा, एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त राहायचं तर मालकाला विचारायचं, आणि 15 एप्रिल ते 15 सप्टेंबर जंगलात आग पेटवायची नाही. एवढं पाळलं की कुणी हटकत नाही.

विद्यार्थ्यांच्या क्रीडासंघाची स्वतःची लाकडी घरं आहेत, शहराभोवतीच्या रानात. त्यांना ‘कोये’ म्हणतात. ती मुलंच चालवतात. छप्पर गळलं की मुलंच वर चढतात, सरपण मुलंच फोडतात. मी पहिल्यांदा कोयेवर गेले ती राहायला नव्हे, कामाला. दिवसभर लाकडं वाहिली, रात्री चुलीपाशी बसून सगळ्यांनी मिळून वाटाण्याचं सूप खाल्लं. वर्गात शेजारी बसून महिनाभर ‘हाय’च्या पुढे न गेलेली मुलं त्या रात्री घरच्यांबद्दल बोलली, थिसिसला कुठला प्राध्यापक घे आणि कुठला घेऊ नको तेही सांगून गेली. ट्रॉनहाइममध्ये 21 डिसेंबरला सूर्य दहाच्या सुमाराला उगवतो आणि अडीचला मावळतो. साडेचार तासांचा दिवस. त्या काळात जी आपली मुलं खोलीतच राहिली, पडदे लावून घरच्यांशी व्हिडिओ कॉल करत राहिली, त्यांच्यापैकी काही जण खरंच खचलेली मी पाहिलीत. आईवडिलांना वाटत होतं, पोरगं घरात आहे, सुरक्षित आहे, अभ्यास करतंय. ब्यूमार्कात बर्फातल्या वाटांवर संध्याकाळी दिवे लागलेले असतात. रोज तासभर त्या वाटेवर जाणारा मुलगा मला जास्त सुरक्षित वाटतो.

अभ्यासाचं राहिलं, आणि ते मला सगळ्यात जवळचं आहे.

मी जलविद्युत शिकायला गेले. कोयनेच्या खोऱ्यात वाढलेल्या मुलीला हा विषय लागतोच. 1999 साली कोयनेत लेक टॅपिंग झालं, म्हणजे जलाशय रिकामा न करता तळाखालून बोगदा आणून शेवटचा खडक स्फोटानं उडवायचा. हे तंत्र नॉर्वेत कित्येक दशकं वापरात होतं. पुस्तकात ते सगळं होतंच. पण ट्रोलहाइम्सहुत्ताकडे जाणारी एक वाट ग्रोशोएन जलाशयाकडून जाते, आणि त्या पाण्यावर 1968 पासून खाली सूर्नदालमध्ये वीज होते. जूनमध्ये त्या काठाने चालताना पाण्याच्या वर काठावर दगडांचा एक फिका, उघडा पट्टा दिसला. मुक्कामाच्या घरी एक निवृत्त गृहस्थ भेटले, आयुष्यभर धरणांवर काम केलेले. पाणी सगळ्यात वर किती न्यायचं आणि खाली किती उतरवायचं याची परवान्यात ठरलेली हद्द म्हणजे तो पट्टा, हे त्यांनी समजावलं. हिवाळ्यात घरं तापवायला वीज लागते तेव्हा पाणी उतरत जातं आणि वसंतात बर्फ वितळला की पुन्हा भरतं. आमच्याकडे बर्फ नाही, पाऊस. कोयना पावसाळ्यात भरते आणि मे अखेर तळाला जाते. विजेसाठी पश्चिमेकडे वळवायच्या 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याचा हिशेबही जून ते मे असाच धरतात. एका देशाचं धरण बर्फाच्या पंचांगावर चालतं, दुसऱ्याचं पावसाच्या, हे मला वर्गात इतकं स्पष्ट कधीच दिसलं नव्हतं.

आणि त्याच गोष्टीत धोकाही आहे, ज्याची तुम्हाला काळजी वाटते. हिवाळ्यात अशा तळ्यावर वरून बर्फ घट्ट दिसतो, पण खालचं पाणी काढून घेतलेलं असतं. काठाशी बर्फ वाकतो, तडकतो. बोगद्याच्या तोंडाशी पाणी वाहतं तिथे तो पातळ राहतो. म्हणून नैसर्गिक तळं ओलांडतात तसं धरणाचं तळं ओलांडायचं नसतं. नॉर्वेचा जलसंपदा आणि ऊर्जा विभागच याचे नकाशे काढतो, आणि ‘वार्सोम’ या संकेतस्थळावर हिमस्खलनाचा इशारा पाच पायऱ्यांत देतात. तीस अंशांहून तीव्र उतार असेल तर त्यावर आणि त्याच्या खालीही जायचं नाही, हे आम्ही नकाशावर रंग भरून शिकलो. परीक्षेत बर्फाखालच्या पाण्यावर प्रश्न आला तेव्हा मी पाठांतर लिहिलं नाही काका, मी पाहिलेलं लिहिलं.

सह्याद्री मी सोडलेला नाही. सुट्टीत आले की दातेगडावर जातेच, तिथल्या खडकात खोल कोरलेल्या पायऱ्यांच्या विहिरीपाशी बसते. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखे लोक रात्री-अपरात्री पावसात दरीत उतरून अनोळखी माणसांना वर काढतात, कुणाकडून काही न घेता. त्यांच्याबद्दल मला जितका आदर आहे तितकाच तिकडच्या रेड क्रॉसच्या स्वयंसेवकांबद्दल आहे. दोन्हीकडची माणसं एकच काम करतात. पण आपल्याकडे त्यांच्यावर ती वेळ फार वेळा येते. ती कमी कशी करायची, याबद्दल तिकडे जे पाहिलं ते इकडे सांगावंसं वाटतं, म्हणूनच मी लिहिते.

तुमच्या मुलीला ‘डोंगरावर जायचं नाही’ असं सांगून पाठवू नका, एवढी विनंती आहे. ती जाईलच, फक्त तुम्हाला न सांगता जाईल, आणि ‘कुठे जाताय ते सांगून ठेवा’ हा पहिलाच नियम तिथे मोडेल. त्यापेक्षा पहिल्या सत्रात तिथल्या विद्यार्थी संघात नाव घालू दे, जाणत्यांबरोबरच जाऊ दे, आणि निघताना वाट आणि परतायची वेळ तुम्हाला पाठवायचा शिरस्ता ठेवा.

कोणता देश ते तुम्ही लिहिलं नाहीत. नॉर्वे असेल तर डोंगरातून सुटका केल्याचं बिल येत नाही, 112 ला फोन केला की पोलीस शोध सुरू करतात. स्वित्झर्लंड किंवा ऑस्ट्रिया असेल तर हेलिकॉप्टरचं बिल घरी येऊ शकतं, तिथे बचावाचा खर्च धरणारा विमा किंवा पर्वतसंघाचं सभासदत्व जाण्याआधीच बघा. विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या आरोग्य विम्यात तो खर्च धरलाय का, हे नीट वाचून घ्या. आणि तिलाच मला लिहायला सांगा. बूट कुठले, कपड्यांचे थर कसे घालायचे, एकट्या मुलीनं गट कसा निवडायचा, हे तिचे प्रश्न असतील आणि त्यांची उत्तरं मी तिला सविस्तर देईन.