'पेत्र कुठल्या सेमिनरीत गेला होता?'

"पेत्र कोळी होता. त्याला पवित्र आत्मा पुरला, मग आजच्या उपदेशकाला अभ्यास कशाला?" असा संदेश सध्या फिरतोय. येशूचा शिष्य पेत्र सेमिनरीत, म्हणजे धर्मशास्त्राच्या कॉलेजात, गेला नव्हता, हा त्याचा आधार. जोडीला १ योहान २:२७ (योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन) आणि एकोणिसाव्या शतकातला नामांकित इंग्रज उपदेशक स्पर्जन याचं उदाहरण.

पेत्र आणि योहान 'निरक्षर व अज्ञानी' होते, असं प्रेषितांची कृत्ये ४:१३ मध्ये आहे खरं. पण हा शेरा विरोधकांचा. त्याच वचनात त्यांना हेही उमगतं की ही माणसं येशूच्या सहवासात होती. गुरूबरोबर हिंडत, प्रश्न विचारत, बोलणी खात शिकणं हे शिक्षण नाही तर काय? प्रेषित पौल तर गमलिएल या नामांकित यहूदी शास्त्र्याच्या पायाशी शिकला. संदेशातून तो बरा गळला!

१ योहान २:२७ म्हणतं, तुम्हांला कोणी शिकवण्याची गरज नाही. आधीचं वचन वाचा: फसवू पाहणाऱ्यांविषयी लिहितोय, असं योहान सांगतो. शिकवणं मुळातच नको असतं, तर त्याने हे पत्र तरी कशाला लिहिलं असतं?

'साधा अर्थ साध्या माणसाला कळतोच' हा संदेशातला मुद्दा सगळ्यांत घातक. मार्क १६:१८ मध्ये विश्वासणारे साप उचलतील असं आहे. अमेरिकेत जॉर्ज हेन्सली या उपदेशकाने ती आज्ञाच मानली आणि उपासनेत साप हाताळण्याची प्रथा पसरवली. १९५५ मध्ये तो सर्पदंशानेच मेला. आता गंमत अशी, की त्या अध्यायातली ९ ते २० ही वचनं चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन हस्तलिखितांत नाहीतच. कितीही प्रार्थना केली तरी हे आपोआप कळत नाही. कुणीतरी बसून हस्तलिखितं ताडून पाहिली म्हणून कळलं. अमेरिकेतल्याच विल्यम मिलर या उपदेशकानेही बायबल आणि शब्दसूची एवढ्यावरच दानीएल ८:१४ मधल्या २३०० दिवसांवरून ख्रिस्त परत कधी येणार याचा हिशेब मांडला. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीतले हजारो लोक २२ ऑक्टोबर १८४४ रोजी ख्रिस्ताची वाट पाहत बसले, आणि तो आला नाही.

'शिकलेलेच भरकटतात,' असंही संदेश म्हणतो. भरकटतात की! ख्रिस्त देवाने निर्माण केलेला आहे, असं चौथ्या शतकात शिकवणारा एरियस काही अडाणी नव्हता. पण त्याला उत्तर देणारा अथनासियसही अडाणी नव्हता.

पदवीच हवी, असं मी म्हणत नाही. नव्या करारातला उपदेशक अपुल्लो शास्त्रात पारंगत होता, तरी त्याला देवाचा मार्ग अधिक नीट समजावला तो प्रिस्किल्ला आणि अक्विला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याने. त्याने ऐकून घेतलं, हे महत्त्वाचं.

राहिला स्पर्जन. धर्मशास्त्राच्या कॉलेजात तो गेला नाही, हे खरंच. पण १८५६ मध्ये उपदेशकांसाठी कॉलेज त्यानेच काढलं आणि त्याच्या स्वतःच्या संग्रहात सुमारे १२,००० पुस्तकं होती.