त्या घड्याळवाल्यांसारखं वागू नका

परवा आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेत सभासदांना भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. डायलवर अध्यक्षांचा फोटो. सेल स्वतःचा टाकायचा. तिसऱ्या दिवशी सेकंदकाटा अध्यक्षांच्या मिशीपाशी अडकला आणि तिथंच थरथरत बसला. सीताबर्डीत घड्याळवाल्याकडे नेलं, तर त्यानं मागची प्लास्टिकची डबी बोटानं टकटक वाजवली आणि परत दिली. "भाऊ, हे खोलत नाही. फेकून द्या. फोटो पाहिजे तर ठेवा."

फोटो ठेवलाय. त्याच्याकडे बघतच हा लेख लिहितोय. सहकारी कारखाना काढायच्या विचारात असलेल्यांसाठी चार सल्ले आहेत. समजा, घड्याळाच्या सुट्या भागांचाच काढायचाय. तर पहिली गोष्ट: फ्रान्समधल्या बेझांसाँ गावच्या लिप या घड्याळ कारखान्याचा इतिहास अजिबात वाचू नका. डोकं फिरतं.

साहेबांच्या बॅगेत डोकावू नका. लिप हा १८६७ पासूनचा घड्याळवाल्यांचा खासगी धंदा. तिथं एक स्विस कंपनी हळूहळू भाग घेत शिरली आणि १९७० पर्यंत मुख्य मालक होऊन बसली. तिचं नावच एबोश. एबोश म्हणजे काटे, डायल, कमान बसवायच्या आधीचं उघडंनागडं मशीन. पुढं कारखाना डबघाईला आला. १९७३ च्या जूनमध्ये कामगारांनी बोलणी करायला आलेल्या साहेबांना अडवून ठेवलं, त्यांच्या बॅगा उघडल्या, आणि आतून चारशेहून अधिक लोकांना काढायचा बेत निघाला. बघा, काय ही असभ्य माणसं! आपण आपल्याच संस्थेचा छापील अहवाल उघडत नाही. घरी आणतो आणि त्यावर गरम कुकर ठेवतो.

माल हाती आला तरी हिशोब ठेवू नका. लिपच्या कामगारांनी तयार घड्याळं रातोरात हलवली, ठिकठिकाणी लपवली, कारखाना स्वतः सुरू केला आणि घड्याळं थेट लोकांना विकली. फलकावर लिहिलं: बनवतो, विकतो, आपला पगार आपणच घेतो. २ ऑगस्टला पहिला पगार आपल्या हातानं वाटलासुद्धा. विक्रीची समिती वेगळी, उत्पादनाची वेगळी, साठ्याची वेगळी. इतकी घड्याळं गावभर लपवून ठेवलेली, आणि तरी हिशोब! आपल्याकडे नुसती सतरंजी खरेदी झाली तरी बिल सापडत नाही.

बायकांना संचालक मंडळात घ्या, सहीपुरतं.

आता मुख्य सल्ला, सभेचा. लिपवाले रोज सकाळी सर्वसाधारण सभा घ्यायचे. रोज! त्यात कुणीही बोलायचं. पुढं तिथल्या बायकांनी तर, सभेत पुरुषच बोलतात, अशी तक्रार छापून काढली. असला गोंधळ आपल्याला परवडायचा नाही. आपली पद्धत चांगली. कायदा म्हणतो, आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत सभा घ्या, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत. म्हणून आपण सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, भर उकाड्यात, पंखे बंद असलेल्या हॉलमध्ये घेतो. दारातच हजेरीच्या रजिस्टरवर सही. सही केली की घड्याळाचं कूपन. परवा सभा अकरा मिनिटं चालली. मी मोजली, तेव्हा माझं घड्याळ चालू होतं. विषय क्रमांक एक वाचून दाखवला, मंजूर. दोन, तीन, चार एकत्र वाचले, मंजूर, मंजूर, मंजूर. पहिल्या रांगेतले आठ जण 'मंजूर' म्हणायलाच आणले होते, त्यातला एक तर सभासदही नाही, आमच्या गल्लीतला आहे, मला माहीत आहे ना. एक निवृत्त शिक्षिका उठल्या. त्यांनी विचारलं, बुडीत कर्ज गेल्या वर्षीपेक्षा वाढलं कसं? माइक बंद पडला. आपोआप! बाई तशाच मोठ्यानं बोलत राहिल्या, तर व्यासपीठावरून एक जण म्हणतो, "ताई, पोहे थंड होऊन राह्यले." आणि हॉल हसला. सगळा हॉल. मी पण हसलो, हे सांगायलाच हवं. तर्री खरंच छान होती.

पोलिसांना घाबरा. लिपच्या कामगारांना १४ ऑगस्टला पोलिसांनी कारखान्याबाहेर काढलं, तर ते एका व्यायामशाळेत बसून काम करू लागले. २९ सप्टेंबरला त्यांच्यासाठी सुमारे एक लाख माणसं भर पावसात बेझांसाँच्या रस्त्यावर उतरली. आपण २९ सप्टेंबरला कूपन सांभाळत रांगेत.

"पण शेवटी काय झालं?" असं विचाराल, आणि विचारायलाच हवं. जानेवारी १९७४ मध्ये तडजोड झाली, कारखाना पुन्हा सुरू झाला, १९७६ ला पुन्हा बुडाला. मग कामगारांनी नोव्हेंबर १९७७ मध्ये स्वतःची सहकारी संस्था काढली. 'पालांतचे उद्योग' असं काहीसं नाव. पालांत म्हणजे तो कारखाना जिथं होता ती वस्ती, आणि फ्रेंचमध्ये संस्थेच्या नावाची आद्याक्षरं जुळवली की पुन्हा 'लिप'च. सुटे भाग, यंत्रकाम, छपाई, लाकूडकाम, सगळं करून पाहिलं. बेरोजगारीवरचा सोंगट्यांचा खेळही बनवून विकला. सगळ्यांना काम पुरलं नाही. आधी कुणाला घ्यायचं यावरून आपसात भांडणं झाली, कडू झाली. पण भांडणं झाली, उघड सभेत झाली. आपल्याकडे भांडणच होत नाही हो! शांततेत बुडतं.

जाऊ द्या, सल्ले पुरे. मला आता सरळच बोलू द्या. चोर एकटा अध्यक्ष नाही. सभा सुरू व्हायच्या आधी सही आपण केली, घड्याळासाठी. त्या बाईंना एकटं आपण पाडलं, पोह्यांसाठी. सहकार कायद्याच्या कलम ३२ नं सभासदाला ताळेबंद, नफातोटा पत्रक, सभांचं इतिवृत्त फुकट बघता येतं. तीसेक वर्षांत किती जणांनी मागितलं? मी नाही मागितलं. तुम्हीही नाही मागितलं. आणि बाहेर निघाल्यावर पानठेल्यापाशी मात्र "सगळे खाऊन राह्यले बे" म्हणत पिचकाऱ्या मारता! लाज वाटत नाही?

सोमवारी अकरा वाजता अर्ज घेऊन संस्थेत जातोय. बाईंना फोन केलाय, त्या येताहेत. तुम्ही येणार असाल तर घरून खाऊन या.